आपटणारं दार

ता. ५ जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता ‘हं’ म्हणतोस, म्हणून पत्र. आईचा गुडघा आहे तसाच आहे आणि जिनाही आहे तसाच आहे, त्यामुळे दोघांचं रोज भांडण चालतं. बाकी ठीक.

बातमी अशी की मी नाटक लिहिलंय. हसू नकोस. दाताच्या दवाखान्यात बसून लोकांना वेळा वाटणारी बाई नाटक लिहिते म्हटल्यावर आईही हसली होती. विषय कळल्यावर हसायची थांबली. व्हायोलिन शिकवणारा एक बाप आणि घर सोडून जाणारा त्याचा मुलगा. घरातलं चव्हाट्यावर आणू नये, असं आईचं म्हणणं. माझं म्हणणं असं की एकोणीस वर्षं ते घरात कुणी काढलंच नाही, तर मी काढू कुठे?

तालमी दवाखान्याच्याच बाहेरच्या खोलीत होतात. बापाचं काम आमचे डॉक्टर करतात. रागाचं वाक्य आलं की ते ‘आता थोडं दुखेल’ या चालीवर म्हणतात. माणूस चांगला आहे.

तुझ्याकडे काम आहे. मला एक दार हवंय. नाटकातली दारं कापडाची असतात, आपटली की भिंतच हलते. मला असं दार हवं की आपटल्यावर शेवटच्या रांगेतल्या माणसाच्याही पोटात गोळा यावा. प्रयोग दोन ऑगस्टला आहे. दार घेऊन तूच आलास तर? बाबा गेले तेव्हाही आला नाहीस. आता तर तुझ्यावर रागवायलाही कुणी उरलं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
बारकी

ता. १४ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुला बारकी म्हणायचे दिवस गेले, हे मागच्या फोटोवरून कळलं. पण सवय जात नाही.

नाटकातलं मला काही कळत नाही, दारातलं कळतं. आवाज दाराचा नसतो, चौकटीचा असतो. चौकट हलकी असली तर कितीही आपट, पोकळच वाजणार. तेव्हा जड लाकूड लागेल. दार आत उघडतं की बाहेर, डावीकडे की उजवीकडे, ते कळव. शेवटचा प्रवेशही पाठव. कोण, कुठून, किती जोराने आपटतो ते समजल्याशिवाय बिजागऱ्या ठरवता येत नाहीत.

येण्याचं बघू. सध्या एका शाळेचे बाक करतोय. आईला गुडघ्याला शेक द्यायला सांग. डॉक्टरांना माझा नमस्कार सांग, दाढ दाखवायची आहे हे मात्र सांगू नकोस.

तुझा
दादा

ता. २२ जून

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

दार आत उघडतं, डावीकडे. आपल्या घरासारखं.

प्रवेश असा आहे. व्हायोलिन आतून कसं जोडलेलं असतं ते बघायला मुलगा बापाचं व्हायोलिन उघडतो आणि सरस लावून पुन्हा चिकटवतो. त्याचा सूर मेला, असं बाप म्हणतो. देवाने तुला नुसते हात दिले, कान दिलेच नाहीत, असंही म्हणतो आणि आतल्या खोलीत जातो. मुलगा सामान उचलतो, निघतो आणि दार आपटतो. बाप बाहेर येऊन तेच व्हायोलिन हातात घेतो. पडदा.

हे शेवटचं मी मनाने घातलेलं नाही. तू गेल्यावर बाबा मुलांना शिकवायला दुसरी व्हायोलिनं घ्यायचे, पण संध्याकाळी एकटे बसले की तू चिकटवलेलंच वाजवायचे. तुझं नाव तोंडातून कधी काढलं नाही. जे बोलता आलं नाही ते गजाने बोलत होते, हे मला लिहिताना कळलं. तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्याला दुसरं काही येतच नाही.

आई काल तालमीला आली होती. निघताना डॉक्टरांना म्हणाली की आमच्या ह्यांच्या सदऱ्याला कधी इतकी इस्त्री नसायची. त्यांनी लगेच सदरा चुरगळून घेतला.

प्रेम आहे तितकं राहू दे, दार मात्र वेळेवर दे.

तुझी
बारकी

ता. १ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

दार झालं. जड आहे, दोन माणसं लागतील.

पण प्रवेशात चूक आहे. माझ्या एका हातात हत्यारांची पेटी होती आणि दुसऱ्यात वळकटी. दोन्ही हात अडकलेला माणूस दार कसं आपटेल? मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतो तेव्हा मागे धाडकन आवाज झाला. दार बाबांनी आपटलं. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, तुला काय आठवणार.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या पायरीवर मी थांबलो होतो. मागून कुणी हाक मारली असती तर परत फिरलो असतो. ज्याच्या पाठीवर दार आपटतात त्याने पुन्हा ते वाजवू नये, एवढं मला कळतं. म्हणून आलो नाही. बाबा गेले तेव्हाही म्हणूनच आलो नाही.

नाटकात काय लिहायचं ते तू जाण. पण माझ्या हाताने केलेलं दार माझ्याच नावावर आपटणार असलीस तर ते मी देणार नाही.

तुझा
दादा

ता. ९ जुलै

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

दार मी आपटलं.

तू मला स्टूल करून देणार होतास. तीन पाय झाले होते, चौथा राहिला होता. मी दाराशीच उभी होते आणि तू माझ्याकडे न बघता गेलास. मला इतका राग आला की दोन्ही हातांनी दार ढकललं. बाबा आतून आले आणि दाराकडे बघून एवढंच म्हणाले की आपटून गेला. मी गप्प बसले. आधी माराच्या भीतीने, मग सवयीने. त्यांनी शेवटपर्यंत तेच धरलं की तू दार आपटून गेलास. आणि तू धरून बसलास की त्यांनी आपटलं, हे मला तुझ्या पत्रातून आत्ता कळतंय. खरं फक्त मला माहीत होतं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

पहिल्या खर्ड्यात ती मुलगी होती. तेच सांगायला तर नाटक लिहायला घेतलं होतं. पात्रं कमी हवीत असं सगळ्यांना सांगून मी तिला काढलं आणि तिचं दार तुझ्या हातात दिलं. नाटकातसुद्धा धीर झाला नाही.

दार पाठवू नकोस. प्रयोग करत नाही. दार मी आपटलं हे आईला काल सांगितलं. ती बराच वेळ गुडघा चोळत बसली आणि मग म्हणाली, दादाला लिही.

लोभाचं काही मागायला मला तोंड नाही.

बारकी

ता. २४ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. राग आला होता. तीन दिवस होता, चांगला कडक. त्या तीन दिवसांत मी शाळेचे दोन बाक वीतभर आखूड कापले. आता ते बालवर्गाला देणार आहेत.

मग रडलो. डोळ्यात भुसा गेला असं लिहिणार होतो, पण त्या दिवशी सुट्टी होती.

एकच गोष्ट मनातून जात नाही. ते व्हायोलिन बाबा रोज वाजवत होते, म्हणजे माझा सांधा शेवटपर्यंत टिकला. सरस साधाच होता. तो सुटला नाही ना, एवढं नीट बघून ठेव. मी आल्यावर बघेनच.

दार गाडीने पाठवत नाही, सोबत येतोय. तीस तारखेला पोचतो. तीन पायांचं ते स्टूल आईने फेकलं नसेल तर काढून ठेव, चौथा पाय बरोबर आणतोय. उंची आठवणीने घेतली आहे, थोडं डुगडुगेल.

प्रयोग रद्द करायचा नाही. मुलीला नाटकात परत घे. दार मी पुन्हा खोलून बिजागऱ्या बदलल्या आहेत. वजन तेच आहे, पण आता ते अकरा वर्षांच्या मुलीलाही आपटता येईल.

लोभ आहेच. बाकीचं समोर बसून बोलू.

तुझा
दादा