हाडाची बटणं

सातारा,
ज्येष्ठ शुद्ध षष्ठी, शके १८६६

प्रिय बनू,

आशीर्वाद. तुमच्याकडचे आप्पासो दिवाणजी काल दुपारी तुझी चिठ्ठी आणि आंब्यांची पाटी पोचवून गेले. दोन आंबे देवापुढे ठेवले, चार शेजारच्या सुलाबाईंना दिले, बाकीचे अर्जुनानं आणि मनूनं कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खाल्ले. दिवाणजींचं इथल्या कोर्टात काम आहे, सोमवारी ते सांगलीला परत जाणार, तेव्हा उत्तर त्यांच्याच हाती देईन. तुझ्या चिठ्ठीत चार ओळी आहेत, माझं तेवढ्यात भागणार नाही. कागद पाठकोरे आहेत, राग मानू नकोस; लढाईपासून कोरा कागद मिळणं मुश्कील, आणि मला लिहायचं पुष्कळ आहे. चैत्रात माझ्या धाकट्या लेकीला, हरणीला, तू घेऊन गेलीस, तेव्हापासूनचं सगळं साचलं आहे.

माझ्या कामाची तुला मनातून लाज वाटते हे मी ओळखून आहे, म्हणून ते काय आहे ते एकदा नीट सांगते. आकाराम शिंपी ठेकेदाराकडून लष्करी खाकी सदऱ्यांचे गठ्ठे आणतो. शिलाई मशीनवर होते, पण काजं आणि बटणं हातानं करावी लागतात; ती तो आमच्यासारख्या घरोघरच्या बायकांकडून करून घेतो. हे लढाईवर गेल्यापासून यांचा पगार मामंजींच्या नावानं गावी जातो. तिकडून आम्हांला जोंधळा येतो, शेंगा येतात, मामंजी काही कमी करत नाहीत. पण पोरांची फी आणि रॉकेल शेंगा देऊन मिळत नाही. मॅट्रिक झालेल्या बाईनं काजं करत बसावं का, असं गल्लीत पुष्कळ जणींना वाटतं. मुलींच्या शाळेत शिकवशील का म्हणून मला विचारणा झाली होती, तेही तुला आज सांगते. अंगावरचं पोर घेऊन वर्गात उभं राहता येत नाही. घरी खाली मान घालून बसता येतं, म्हणून हे धरलं.

आमची खोली पत्र्याची, तू पाहिलीच आहेस. बाराच्या सुमारास पत्रा तापला की आत माणूस भाजून निघतो. काजाला हात कोरडा लागतो. घामेजल्या बोटांनी दोरा मळतो, खाकीवर डाग उतरतो आणि आकाराम तो सदरा परत टाकतो. म्हणून पहाटे पाणी, देवपूजा, भाकऱ्या उरकून ऊन चढायच्या आत जमतील तेवढे सदरे करायचे आणि दुपारी बोटांना चिमूटभर पीठ चोळून पुन्हा बसायचं. त्यात शाळा सुटलेल्या. अर्जुना उन्हातान्हाचा डोहाकडे पळणार, मनूला घटकेघटकेला भूक लागणार, आणि दोघांच्या भांडणाचा निवाडा माझ्यापुढे येणार. एकदा दोघांनी तयार सदरे अंगात घालून अंगणात लेफ्ट-राइट सुरू केलं. बाह्या धुळीत लोळत होत्या आणि मनू आपली बाह्या सावरत सलाम ठोकत होती. मला हसू आवरेना. मग ते सदरे धुऊन, वाळवून, तांब्यात निखारे घालून इस्त्री करता करता रडूही आवरेना. उन्हाळ्यातली माझी नोकरी ही अशी. हातातलं सोडून उठायचं, पुन्हा बसायचं, आणि अर्धवट राहिलेलं काज कुठलं ते हुडकत राहायचं.

बटणं हाडाची असतात. हाडाची वस्तू देवाजवळ, चुलीजवळ ठेवायला माझा जीव धजेना. खोली एकच, देव्हारा मागच्या भिंतीला, चूल त्याला लागून. फळीवर ठेवावीत तर तिथं पोथ्या. म्हणून बटणांचा डबा मी दाराशी, उंबऱ्याजवळ ठेवत होते, आणि हरणी नुकती पायावर उभी राहिलेली, तिचं सगळं जग उंबऱ्यापाशी. पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांत तिनं एक बटण तोंडात घातलं. मी पाठमोरी. पोर रडलीसुद्धा नाही, नुसती निळी पडत गेली. सुलाबाई ताक द्यायला आल्या म्हणून त्यांच्या दृष्टीस पडलं. त्यांनी तिला पाय धरून उलटी केली, पाठीत धपाटे घातले, तेव्हा बटण बाहेर आलं. त्या दिवसापासून मी काम करताना तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधायला लागले, दुसरं टोक मधल्या खांबाला. माझ्या मांडीपर्यंत तिला येता यायचं, मनूच्या बाहुलीपर्यंत जाता यायचं. डब्यापर्यंत आणि चुलीपर्यंत मात्र नाही. आपल्या गावी खुरपायला जाणाऱ्या बाया झाडाखाली पोरं अशीच बांधतात, तूही लहानपणी तशी बसली आहेस. आई गेल्यावर तुझ्यामागे धावायला घरात मी एकटीच होते.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात तू आणि तुझ्या सासूबाई यमाईची ओटी भरून औंधाहून परस्पर इकडे आलात. ती कोळशावर चालणारी भाड्याची मोटार धूर सोडत गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि निम्मी गल्ली बघायला गोळा झाली. मी खाकीच्या ढिगात बसलेली. हरणी खांबाभोवती फिरून फिरून पट्टी आखूड करून बसली होती, नाक वाहत होतं. तू दारातच थबकलीस. मला वाटलं, आता म्हणशील, आक्का, केवढी वाळलीस. तू म्हणालीस, “आक्का, जनावरं बांधत्यात गं अशी.”

एवढंच म्हणालीस. तुझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, पट्टी सोडली, हरणीला उचलून घेतलं, आपल्या पदरानं तिचं नाक पुसलं. दोन महिने आमच्याकडे राहू दे म्हणाल्या. विश्रामबागेत मोकळी हवा आहे, दारात दुभती गाय आहे, घरात लहान मूल नाही, ही आली तर सगळ्यांनाच बरं वाटेल, आणि तुमचंही काम होईल. मला बटणाची गोष्ट सांगायची होती. पण त्या वेळी ती सांगणं म्हणजे सबब काढल्यासारखं झालं असतं, म्हणून तोंडातल्या तोंडात गिळली. तिची झबली बांधून दिली, झोपताना जिचं टोक ती चोखते ती गोधडी दिली. मोटार चौकातून वळेपर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. मग मी आत येऊन त्या दिवसाचे राहिलेले सदरे पुरे केले. ते दुसऱ्या दिवशी द्यायचे होते.

पुढे काम झपाट्यानं झालं. आकाराम म्हणाला, आक्का, ह्या खेपेला लई हात चालला तुमचा. मी रोजचा खर्च मांडते हे तुला माहीत आहे. हरणीचं रतिबाचं दूध बंद केलं, महिनाअखेर शिल्लक पडली, आणि त्या आकड्यापुढे शिल्लक असं लिहायला हात धजेना. वैशाखात तुझं पत्र आलं की ती आता मला आई म्हणते, गंमत वाटते. बनू, ती गंमत वाचून मी त्या दिवशी जेवले नाही. दोनदा मी सांगलीला निघायचं ठरवलं, दोन्ही वेळा तू कळवलंस, येऊ नकोस, तुला बघून पुन्हा रडेल, आत्ता कुठे रमली आहे. ते मला पटलं. पोर बांधून ठेवणाऱ्या बाईनं कोणत्या तोंडानं हट्ट धरावा? यांना मी काहीच कळवलेलं नाही. तुझ्या पत्रात हरणीला नवे दात आल्याचं असलं की तेच उतरवून मी यांना लिहायची, हरणीला दात आले. ती धावायला लागली, वासराला घाबरत नाही, सगळं तुझ्या पत्रातलं. तिकडे लढाईवर हे असं समजून आहेत की ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता कालचं सांगते. दिवाणजी पन्हं पीत उंबऱ्यावर टेकले होते. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं, माणूस भोळा आहे, त्यांना रागावू नकोस. मी चिठ्ठी उघडायच्या आधीच तोंड भरून म्हणाले, “आक्कासाब, लई ग्वाड बातमी हाय. धाकल्या बाईसाबास्नी दिवस ऱ्हायल्यात. औंधाच्या आईनं आयकलं बगा.” मी देवीपुढे साखर ठेवली. ते आपले पुढे बोलतच होते. “औंधातच सांगितलं हुतं वो एका अंगात येनाऱ्या बाईनं. नुकतं पाय फुटल्यालं पोर घरात न्या, दोन म्हैनं मांडीवर खेळवा, कूस भरल. तवा आत्याबाई मोटारीतच म्हनल्या, थोरलीची धाकटी हाय की साताऱ्यात, तिलाच उचलू. मी फुडं डायवरापाशीच बसलो हुतो.”

म्हणजे तू माझ्या उंबऱ्यावर आलीस तेव्हा हरणीला न्यायचं आधीच ठरलेलं होतं. खांबाची पट्टी तुला आयती मिळाली. आणि मी सगळा उन्हाळा तुझं ते एक वाक्य घेऊन बसले. काज काढताना तेच, देवापुढे हात जोडताना तेच. मनूला झोपेत पांघरूण घालतानासुद्धा मला वाटायचं, माझ्या हातांना पोर धरायचा अधिकार राहिला आहे का. तुझी कूस भरली याचा मला आनंद नाही असं समजू नकोस. सात वर्षं तुझ्यासाठी मीही मंगळवार धरले आहेत. देवीबद्दलही माझं काही म्हणणं नाही. देवीनं कुणाला खोटं बोलायला सांगितलं नसेल. तू नुसतं म्हणायचं होतंस, आक्का, मला असं असं सांगितलं आहे, दोन महिने हरणी दे. मी तिला न्हाऊ-माखू घालून, काजळ लावून, माझ्या हातानं तुझ्या मांडीवर बसवली असती, आणि हसत बसवली असती. मागायचं तुझ्या जिवावर आलं. तुला हात पसरावा लागू नये म्हणून तू मला वाईट आई ठरवलंस.

तुझ्या चिठ्ठीत आहे की आत्याबाई आता दुसऱ्याचं पोर तुझ्या अंगाखांद्यावर नको म्हणतात, ती सारखी कडेवर घे म्हणते, तुला जड उचलणं बरं नाही, आणि तुला मोटारीचा प्रवासही करू देत नाहीत. तेव्हा, तू लिहितेस, पुढच्या खेपेला दिवाणजींबरोबर तिला पाठवते, स्टँडवर येऊन उतरवून घे. हे पत्र एवढ्याचसाठी आहे, की तसं करू नकोस. आंब्याच्या पाटीसारखी ती दिवाणजींच्या हाती यायची नाही. तिनं मला तिसऱ्याच कुणाच्या तरी कडेवरून ओळखायचं आणि ओळखलं नाही तर भर स्टँडवर किंचाळायचं, हे मी होऊ देणार नाही. मीच येते. बुधवारच्या मोटारीनं निघते, अर्जुनाला आणि मनूला घेऊन. आकारामशी बोलले आहे, एक गठ्ठा बरोबर आणीन आणि तुमच्या सोप्यात बसून काजं करीन. बघायला येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत्याबाईंनी काय सांगायचं ते त्या बघतील. आठ-दहा दिवस राहीन. तिनं तुला आई म्हणावं, मला हवं ते म्हणावं, मी तिला दुरुस्त करणार नाही, ओढून जवळही घेणार नाही. ती आपल्या पायांनी माझ्यापाशी येईपर्यंत वाट बघेन. तुझ्या पोटात बाळ आहे, तुला मी कसलाही त्रास देणार नाही, जेवणखाण मीच बघीन. मात्र निघायच्या दिवशी तू माजघरात जाऊन बसू नकोस. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलं नाही, हे मागते आहे. सोप्यात बस, तिला मांडीवर घे, माझ्याकडे बोट कर आणि तुझ्या तोंडानं तिला सांग, हरणे, ही तुझी आई, हिच्याबरोबर जा. ती रडेल. तेही तिथंच बसून ऐक.

प्रकृतीला जप.

तुझीच थोरली,
साळूआक्का