कावळा न शिवलेला दहावा

१० नोव्हेंबर १९९७, सोमवार

आजपासून मी कमावती झाले. जुन्नरहून नारायणगावला वडापच्या जीपमध्ये टोमॅटोच्या क्रेटला टेकून आले, तरी साडीची इस्त्री मोडली नाही, हा शुभशकुनच म्हणायचा. निघताना आई म्हणाली, ग्रंथालयाचा कोर्स करून पुस्तकांची धूळ झटकशील असं वाटलं होतं, तू तर लोकांचे बापजादे झटकायला निघालीस.

नानासाहेबांचा बंगला गावाबाहेर, द्राक्षबागांच्या मधोमध आहे. नवाकोरा, दुमजली. फरशी इतकी गुळगुळीत की अनवाणीसुद्धा जपून चालावं लागतं. पुढच्या वर्षी त्यांना पंचाहत्तर पुरी होतात, म्हणून गौरवग्रंथ निघणार आहे. घरातले कागद आणि फोटो ट्रंकांमध्ये कोंबलेले आहेत. ते लावायचे, निवडायचे आणि छापखान्यासाठी एकेक पान चिकटवून कच्ची प्रत तयार करायची, हे माझं काम. माडीवरची खोली, मोठं टेबल, डिंकाची बाटली आणि खिडकीतून नारायणगड, एवढं वैभव मला मिळालं आहे.

नानासाहेबांनी पूर्ण नाव विचारलं. प्रतीक्षा म्हणेपर्यंत चेहरा ठीक होता, आडनावाला जरासा थांबला. मग चहा आला. सगळ्यांना कपबशीतून, मला काचेच्या ग्लासातून. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घराला असल्या ग्लासांची सवय आहे. विसरायची सवय मात्र कुणालाच नाही.

१३ नोव्हेंबर

काम रंगात आलं आहे. ट्रॅक्टरच्या पूजेचे फोटो, सोसायटीच्या निवडणुकीचे फोटो, मंत्र्याला हार घालतानाचे फोटो. हे घराणं लग्नापेक्षा हारांतच जास्त रमलेलं दिसतं.

घरची माणसं आता ओळखीची झाली. थोरला मुलगा भगवंत, धाकटा हौशीराम आणि नानासाहेबांची बायको द्रौपदाबाई. भगवंत माझ्याशी बोलताना माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघतो. द्रौपदाबाई बोलतच नाहीत.

द्रौपदाबाई आणि मुलांचा एक जुना एकत्र फोटो सापडला, नानासाहेब त्यात नाहीत. त्यात आईच्या शेजारी माणसाच्या आकाराचं भोक आहे. ब्लेडनं कापलेलं, अगदी वेणीच्या कडेनं. खाली साडीच्या काठाची एक चिरी राहून गेली आहे. कोण होतं म्हणून हौशीरामला विचारलं, तर म्हणाला, वाळवी लागली असेल. वाळवीला वेणीचा आकार कळतो हे मला ठाऊक नव्हतं.

१५ नोव्हेंबर

तळातल्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेला एक फोटो होता. मी फडकं सोडलं. दहाव्याचा फोटो. मीना नदीचा घाट, पानावर पिंड, समोर उघडाबंब बसलेले नानासाहेब, मागे दोन्ही मुलगे. सगळे पिंडापासून दूर सरकून कावळ्याची वाट बघत आहेत. मागच्या बाभळीवर, अगदी शेंड्याला, एक कावळा आहे. तो काही खाली आलेला नाही.

मागे स्टुडिओचा शिक्का आहे, सन १९८१. आमच्यात पिंड ठेवत नाहीत, त्यामुळे मला कावळ्याचं कौतुक नाही. पण दहाव्याला फोटोग्राफर कोण बोलावतं?

१७ नोव्हेंबर

आज पहिलं पान चिकटवलं. हौशीरामचा फोटो सगळ्यात स्वच्छ निघाला, म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली. नानासाहेबांचा मानाचा फोटो फेटा बांधून नव्यानं काढायचा आहे, तो शेवटी. संध्याकाळी पाहिलं तर हौशीरामच्या खांद्यावर काळा डाग. डिंक सांडला असेल म्हणून ओल्या बोळ्यानं पुसला. गेला नाही.

१९ नोव्हेंबर

हौशीराम गेला. मोटार बघायला विहिरीत वाकला आणि आत पडला. पोहायला येत होतं त्याला.

डाग डाग नाही. त्याला चोच आहे.

२४ नोव्हेंबर

मी यायचं थांबवलं होतं, पण नानासाहेबांनी निरोप धाडला की आता तर ग्रंथ व्हायलाच हवा, मुलाची आठवण म्हणून.

दुपारी द्रौपदाबाई माडीवर आल्या. लाल फडकं टेबलावर पाहिलं आणि खालीच बसल्या. मग जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

कापलेली मुलगी म्हणजे त्यांची लेक, शीला. तिनं कपिल नावाच्या मास्तराशी लग्न केलं. माझ्याच समाजातला होता तो. नानासाहेबांनी तिच्या नावानं आंघोळ केली, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून जिवंत पोरीचा दहावा घातला. तिला पाठवायला फोटोसुद्धा काढवला. पण जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा शिवणार कसा? लोक हसायला लागले. कावळा शिवत नसला की मागे राहिलेल्यानं मेलेल्याला शब्द द्यायचा असतो. नानासाहेब रागानं उठले आणि साऱ्या गावादेखत हात जोडून म्हणाले, "माझ्या घरातलं काय लागंल ते ने. पर पुन्यांदा या दारात येऊ नगस."

तरीही शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

पुढच्याच वर्षी शीला दिवस भरत आलेले असताना दारात आली. पोटात कळा सुरू होत्या. मेलेल्या माणसाचं बाळंतपण करत नाहीत, असं नानासाहेब म्हणाले. हौशीरामनं जीप काढली नाही. भगवंतनं दंडाला धरून रस्त्यावर नेऊन सोडलं. ती तिथेच गेली, बाळासकट.

"मी कडी काढाया उठले व्हते," द्रौपदाबाई म्हणाल्या, "पर उठून परत बसले."

त्या गेल्यावर मी दहाव्याचा फोटो पुन्हा पाहिला. बाभळ रिकामी आहे.

२५ नोव्हेंबर

घाबरायला हवं होतं. पण रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे तो काचेचा ग्लास येत राहिला, आणि रस्त्यावरची ती. संताप संताप झाला.

नानासाहेबांच्या नातवंडांचे सगळे फोटो वेगळे काढून आमच्या घरी नेले. त्यांनी काही केलेलं नाही. मग बाटली उघडली, भगवंतचा फोटो घेतला आणि चारही कोपरे नीट दाबून चिकटवला. मोठ्यानं म्हणाले, शीलाताई, शब्द दिलाय त्यांनी. घे.

२७ नोव्हेंबर

भगवंत. हायवेवर, कांद्याच्या ट्रकखाली. ड्रायव्हर म्हणतो, समोर कुणी नव्हतंच, हा माणूस कुणीतरी दंडाला धरून ओढावं तसा आला.

मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला लिहू?

२८ नोव्हेंबर

नानासाहेब पहिल्यांदाच माडीवर आले. पानं उलटली. दोन्ही मुलांच्या खांद्यांवरच्या काळ्या डागांवर बोट टेकवून पाहिलं. टेबलावरचं लाल फडकं पाहिलं, मला पाहिलं. मग खाली गेले.

त्यानंतर द्रौपदाबाई आल्या. त्यांनी स्वतःचा फोटो आणला होता. "माझा लाव," म्हणाल्या, "माझी लेक वाट बघती." मी नको म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून डिंक घेतला आणि स्वतःच चिकटवला.

त्यांचा म्हातारा राहील. राहू दे. घर रिकामं झालेलं त्याला नीट बघू दे, मग शेवटी त्याला.

३० नोव्हेंबर

द्रौपदाबाई सकाळी तुळशीपाशी बसल्या होत्या, तिथेच गेल्या. चेहरा शांत होता.

मला चहा आला. कपबशीतून.

९ डिसेंबर

द्रौपदाबाईंच्या दहाव्याला मी घाटावर गेले. त्यांच्यासाठी गेले. कावळा शिवेना. भाऊबंदांनी परोपरीनं शब्द दिले, तरी तो बाभळीवरच. तेव्हा नानासाहेब उठले, माझा हात धरून मला पिंडापुढे नेलं आणि दुखवट्याची साडी माझ्या खांद्यावर घातली. लेकींना नेसवतात तशी.

"तुझी लेक परत घरात घेतली," ते मोठ्यानं म्हणाले. "आजपास्नं ही माझी लेक. ह्याच घरातली."

कावळा सरळ खाली आला आणि शिवला. बायका रडल्या. मीही रडले. सगळ्यांसमोर, आडनावासकट, त्यांनी मला लेक म्हटलं. वाटलं, म्हातारा वितळला. वाटलं, शीलाताईला हेच हवं होतं.

स्टुडिओच्या गेणभाऊंनी माझा एकटीचा फोटो काढला.

१० डिसेंबर

गेणभाऊ फोटो देऊन गेले. नानासाहेब माझ्याशेजारी बसून म्हणाले, ह्याची जागा कुठली ते तुला ठाऊक आहे, पोरी. मी माझा फोटो वेणीच्या कडेनं कापला आणि जुन्या एकत्र फोटोतल्या त्या भोकात डिंकानं बसवला. अगदी नेमका बसला. त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं दाबला.

त्यांच्या फेट्याचा फोटो मागितला, तर म्हणाले, उद्या.

११ डिसेंबर, सकाळ

बंगल्याला कुलूप. गडी म्हणतो, मालक पहाटेच पाहुण्यांकडे लोणीला गेले. माडीची किल्ली माझ्याकडे होती म्हणून वर आले. त्यांचा एकही फोटो नाही. लग्नातले, निवडणुकीतले, सगळे नेले —

भोकातल्या फोटोत माझ्या खांद्यावर —

*माझ्या घरातलं काय लागंल ते ने.* घरातलं. मी घरातली नव्हते. त्यानं मला घरात घेतलं. साऱ्या गावादेखत —

ओलं करून पाहिलं. नखानं खरवडलं. निघत नाही. मीच चिकटवलाय, कोपरे दाबून —

दुपार

गजावर बसलाय. हाकलला तरी उडत नाही. माझ्याकडे बघत नाही, खांद्याकडे बघतो. दंड धरल्यासारखा दुखतोय —

लाल फडकं! ते न्यायचं विसरला म्हातारा. दहाव्याचा फोटो आहे. त्यात पिंडापुढे बसलाय तो, उघडाबंब, चेहरा स्वच्छ —

ब्लेड घेतलं. कापला. माझ्या शेजारी, शीलाताईच्या आईच्या आणि माझ्या मधे —

बाबा, लेकीला असं एकटीला धाडतात का?

बाटली उलटी केली, थेंबभर आहे. एका हातानं दाबून धरलंय. खिडकीवर आता काही नाही. मागे आहे. पंख —

शीलाताई, एवढं चिकटू दे. वाळू दे एवढं, मग —