बाहेरच्या पाकळ्या

आई,

काल गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, नाशिक रोडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर, माझी जन्माची तक्रार माझ्याकडून हिसकावून घेण्यात आली. तक्रार वार-वेळ घालून लेखी करावी, असं कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी शिकवलं होतं, म्हणून हे पत्र.

आहारावर बोलायला एक मुलगी आली होती. म्हणाली, श्वासातल्या ऑक्सिजनमुळेच पेशींवर ताणही येतो, लोखंडाला गंज चढावा तसा. लाल कांद्यातलं क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य पेशींना त्यापासून जपतं. मी विचारलं, "माणसांच्या, की काचेच्या बशीतल्या?" ती हसली. "बहुतेक बशीतल्याच, आजी. माणसांत अजून तितकं पक्कं नाही. पण ते असतं बाहेरच्या लाल पाकळ्यांत. गाभ्यात नावालाच."

गाभ्यात नावालाच! पुढचं मला काही ऐकू आलं नाही. मी आपल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात होते. नोटांच्या प्रेसचा भोंगा नुकताच विरलाय, खिडकीतलं ऊन पाटावर उतरलंय, आणि तू जेवणाचा एकुलता एक कांदा फरशीवर ठेवून बुक्की मारतेस. पाकळ्या सावकाश उघडतात, मधून पांढरा गाभा टुणकन उडतो. तो दादाच्या ताटात. जाड, डोळ्यांत पाणी आणणाऱ्या पाकळ्या माझ्या. "मला का नाही गाभा?" "तुझी जीभ मुळातच तिखट, तिला काय होतंय?" असं म्हणून तू हसतेस. ते हसू मी आजवर माफ केलेलं नाही. मुलाला गोड आणि मुलीला उरलेलं, हे मी लग्नात, बारशात, तुझ्या तेराव्यालासुद्धा बोलून दाखवलं. आणि आता कळतंय की राखण माझीच होत होती, तुझ्याही नकळत.

घरी येऊन दादाला फोन केला. "ऐकलंस? गाभ्यात काही नसतं."

"गोड तर असतो ना? मला पुरे."

"आणि आई काय खायची रे?"

तो म्हणाला, "तिला कांदा आवडायचा नाही, अगं. तीच म्हणायची."

तेव्हापासून मी तुझं ताट आठवतेय. भाकरी दिसते, कडेला मीठ दिसतं, तुझ्या बोटांचा कांद्याचा वासही येतो. कांदा दिसत नाही. तू गेलीस त्या वयाहून मी आज कितीतरी मोठी आहे. ताटात कांदा असता तर तू राहिली असतीस, असं म्हणण्याइतकी मी मूर्ख नाही. पेशी बशीतल्या होत्या, हे मीच विचारून घेतलंय. तरी राग येतोय.

हे पत्र टपालात पडणार नाही, कांद्याच्या टोपलीत सालींखाली राहील. एक कबूल करते: आज मी पहिल्यांदाच बुक्कीने कांदा फोडला आणि गाभा खाऊन पाहिला. पांचट लागला. माझं जेवण पाकळ्यांवरच झालं.

रविवारी दादा जेवायला येतोय. कांदा तुला आवडत नव्हता, की उरत नव्हता? पानं वाढायच्या आत लेखी कळव.