आक्कापासून लपवलेली बातमी

गडब, रविवार, दिवेलागण

आज ती मोठी गायिका गेली. पेणच्या एसटी स्टँडवर कळलं आणि आधी आक्काच आठवली. माझी थोरली बहीण, वर्षभर अंथरुणाला खिळलेली. आक्का आणि ती गायिका एकाच वयाच्या. "ती हाय तवर मी बी हाय," असं आक्का नेहमी म्हणते.

घरी येताच रेडिओची वायर काढली. "बिघडलाय," म्हटलं. दुपारी समोरच्या दुकानात तिचीच गाणी सुरू झाली, म्हणून खिडकी लावली. उकडत होतं, तरी लावली. खिडकीने आवाज थोडाच थांबतो?

पेज भरवताना आक्काने माझा हात धरला. "मला सकालीच कललं गो. शेजारीण रडत आली व्हती."

"मग बोलली का नाय?"

"तू येवढी धडपडत व्हतीस. तुझं मन मोडवंना."

मी उठून खिडकी उघडली. दोघी रडलो. मग आक्का समोरच्या गाण्याबरोबर गुणगुणायला लागली. शब्द सगळे आठवत होते, श्वास पुरत नव्हता. ती थांबली तिथून पुढची ओळ मी म्हटली. मला गाता येत नाही, तरी म्हटली.