घरात लगीन आहे का?

आये,

आज दुपारी घरात कोणी नाही. खाडीवरून वारा येतोय, कशेळीच्या गोदामांकडे वळणारे कंटेनर नेहमीसारखे रस्त्यात अडकलेत आणि मी संगणकासमोर बसून तुझ्याशी बोलतेय. तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पोरीला काम न्हाय वाटतं." काम आहे गं, भरपूर आहे. लोकांच्या वेबसाइट बनवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि अजून ते संपत नाही. पण आज सकाळपासून तुझं ते पान डोक्यात आहे, आणि ते आठवलं की माझं दुसऱ्या कशात लक्ष लागत नाही.

तू धवलारीण. आपल्या आगरी लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावणारी. भटजी उशिरा आला तरी चालायचं, तुझ्यावाचून हळद चढत नसे. आसपासच्या गावांतून बोलावणी यायची, तू लुगडं सावरत निघायचीस आणि मागून मी. धवले तुला तुझ्या आईकडून मिळाले होते आणि तुझ्याकडून ते माझ्याकडे यायचे होते. पण माझा गळा! एकदा मी मोरीत कपडे धुताना तुझ्यासारखं गाऊन पाहिलं, तर तू चुलीपासून ओरडलीस, "कोन रडतंय गो तिकडं?" आपण दोघी पोट धरधरून हसलो. हसता हसता तुझा चेहरा जरा उतरला, तो मला अजून दिसतो. तुझ्यामागे गाणार कोण, ही काळजी त्या दिवसापासून दोघींच्या मनात होती.

तेव्हा नुकतंच दोन हजार साल उलटलं होतं आणि मी धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत बसायचे. खाली कापडाच्या लूमचा कारखाना, वर कॅफे. लूम सुरू झाले की टेबल थरथरायचं आणि पडद्यावरची अक्षरं पाण्यात पाहावीत तशी हलायची. मला ते आवडायचं, अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटायचं. कॅफेवाले चाचा दुपारी मला फुकट बसू द्यायचे, कारण त्यांची रुसलेली मशीनं मी चालू करून द्यायचे. मग मी पानं बनवायचे. पान म्हणजे काय, मागे झेंडूच झेंडू, वरून आडवी सरकत जाणारी लाल ओळ, आणि पान उघडताच आपोआप वाजणारं गाणं. आपण लिहावं आणि पडद्यानं ते ऐकावं, याचंच मला नवल वाटे. वीज जायची, सगळं पुसलं जायचं, मी परत लिहायचे. अशाच एका दुपारी मनात आलं, तुझा गळा मला मिळाला नाही, पण तो इथे ठेवता येईल.

मी टेपरेकॉर्डर मागून आणला, तर तू गायला तोंडच उघडेनास. "लगीन न्हाय, मांडव न्हाय, हलद न्हाय, आन धवला गावाचा? देव खाली येतील, बगतील, नवरी कंची? मंग काय सांगू त्यांना, माज्या पोरीला कंपुटर शिकाचाय?" तुझ्यापुढे कोणाचं चाललंय! शेवटी शेजारच्या घरातली हळद येईपर्यंत थांबले. त्या मांडवात मी तुझ्याजवळ टेप उचलून उभी आहे. बायका हसतायत, पोरं पायांतून पळतायत, रस्त्यावर ट्रक हॉर्न देतोय, आणि तू डोळे मिटून एकेका गावच्या देवाला नावानं हाक मारतेयस. मलाही क्षणभर वाटतं, आता कोणीतरी येऊन आपल्या मागे उभं राहील.

पान तयार झालं तेव्हा तुला कॅफेत घेऊन आले. रिक्षातून उतरल्यापासून तू कुरकुरत होतीस. चाचांनी खुर्ची पुसून दिली, मी पान उघडलं, झेंडू दिसला आणि मोठ्या स्पीकरमधून तुझाच धवला सुरू झाला. तू ताडकन उठलीस. पदर डोक्यावर घेतलास, आणि इकडेतिकडे बघायला लागलीस, नवरी शोधत.

"बंद कर. आदी बंद कर!"

चाचा घाबरले. "क्या हुआ, अम्मा?"

"हितं लगीन हाय काय तुमचे?"

"लगीन? शादी? हमारी तो कब की हो गई, अम्मा."

"मंग देवांना कशाला बोलवलंव?" तू माझ्याकडे वळलीस. "ये पान कोनी पन उघरलं का वाजल? लगीन नसताना?"

मी म्हटलं, हो, कोणीही, कधीही, जगात कुठेही. मला वाटलं होतं, तुला याचं कौतुक वाटेल. तू मटकन खुर्चीत बसलीस. खाली लूम धडधडत होते. मग पडद्याकडे बोट करून म्हणालीस, "जो पान उघरल त्याला आदी इचार. लगीन हाय काय घरान? हाय म्हनला तरच पानाला गाऊ दे."

"आणि खोटं बोलला तर?"

"तं तो आन देव बगून घेतील. आपन इचारलं ना?"

मग मी ते शिकले. पान उघडलं की मधोमध एक करडी चौकट यायची, 'घरात लगीन आहे का?' मराठी अक्षरांच्या जागी तिथे नुसते चौकोन उमटायचे, म्हणून रोमन लिपीत लिहिलं. 'नाही' म्हणणाऱ्याला काय सांगायचं, तेही तू सांगितलंस, "ठरलं का ये म्हनावं." आवाज साफ करताना मी तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होते, तेव्हा तू संशयानं विचारलंस, "आन तू ऐकतीस ते?" काम आहे म्हटल्यावर जरा विचार केलास. "कामाला ऐकलं तं चालल."

ते पान तुझ्यापेक्षा जास्त जगलं, आये. तुझ्या आजारपणात ती आपोआप वाजण्याची जुनी सोय निकामी झाली, मग वेगळा प्लेअर उतरवून घ्यावा लागे. तू गेलीस तेव्हा ते फ्लॅश नावाच्या तंत्रात होतं, पाकळ्या गळणारं, तुला आवडलं नसतं. फुकट जागा देणारी साइट बंद झाली, तेव्हा मी पान उचलून दुसरीकडे नेलं. पुढे फ्लॅशही मेलं. ज्या ज्या गोष्टी मी जिवाचं रान करून शिकले त्या एकेक करून निरुपयोगी झाल्या, आणि मला त्याचं फारसं दुःख झालं नाही. हळूहळू ब्राउझरांनीच नियम केला, माणसानं हात लावल्याशिवाय पानानं आवाज करायचा नाही. ऑफिसातली पोरं वैतागली, मी मात्र मान खाली घालून हसत होते. मध्यंतरी कुठल्याशा गावातून एका मुलीचा फोन आला. ताई, धवलारीण कुठेच मिळाली नाही, मांडवात तुमचं पान लावलं, आजी रडली. तुझ्यामागे कोण गाणार, त्याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं आणि मी चालत्या रिक्षात रडले.

आता खरं सांगते. एवढ्या वर्षांत लगीन नसताना मी एकदाही 'हो' दाबलं नाही. पण तंत्र बदललं की पान हलवावं लागे, हलवलं की आवाज नीट आला का ते ऐकावं लागे, आणि कामाला ऐकलेलं तुला चालत होतं. नवं काही आलं की बाकीचे कपाळाला हात लावायचे, मी मनातून खूश व्हायचे. गेली काही वर्षं तसं काहीच झालेलं नाही. आता ते कुठल्याही फोनवर वाजतं. पान ठणठणीत आहे, बोट ठेवायला जागा नाही, आणि आपल्या घरात लगीनही नाही.

म्हणून आज सकाळी ते पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. काही गरज नव्हती गं. हे पत्र मात्र मी त्या पानावर चढवणार नाही, ते इथेच राहील. दर वेळी आवाज साफ करताना मी हॉर्न काढले, पोरांचा गलका काढला, पण दोन धवल्यांच्या मधली एक जागा कधी पुसली नाही. तिथे तू दम घेतेस, आणि सगळ्या देवांना तसंच ताटकळत ठेवून हळूच मला म्हणतेस, "हात दुखला आसल गो तुजा. दुसऱ्या हातान धर."

मी धवला ऐकतच नाही, आये. मी तेवढंच ऐकते.