मरकॅप्टनवाल्यांचं घर

मी, कृष्णकांत विष्णू गुप्ते, वय सदुसष्ट, धंदा सेवानिवृत्त रसायनतज्ज्ञ, राहणार पनवेल, शरीराने बरा, बुद्धीने शाबूत आणि नाकाने निकामी असून, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते लिहून ठेवतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा मुलगा चि. वरद याने पुण्याहून वकिलांकडून एक मसुदा करून आणला होता, त्यावर मी सही केलेली नाही. कारण कलम चारमध्ये येईल.

१. माझी नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात मरकॅप्टन विभागात झाली. ही गंधकाची संयुगे. पाऱ्याला चटकन धरतात, म्हणून जुन्या रसायनज्ञांनी त्यांना 'पाऱ्याला पकडणारे' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात हे उग्र वासाचे रसायन थेंबभर घालतात. आता पुस्तकांत त्यांना थायॉल म्हणतात. वरदही म्हणतो, "बाबा, मरकॅप्टन आता कोणी म्हणत नाही." म्हणू नये. परंतु माझ्या निधनाच्या बातमीत 'मरकॅप्टन विभागाचे निवृत्त प्रमुख' असेच छापावे. थायॉल विभाग आमच्याकडे कधीच नव्हता.

२. माझा काचेच्या पेटीतला रासायनिक तराजू आणि रसायनशास्त्राची सर्व पुस्तके नात चि. रेवा हिला द्यावीत. तिने परीक्षेत थायॉल लिहावे, गुण जाऊ देऊ नयेत.

३. घराच्या मागच्या बाजूच्या बोळाबद्दल शेजारी श्री. दयाराम पाटील यांच्याशी माझा जुना वाद होता. कामावरून आलो की मी त्या बोळातून मागच्या न्हाणीत जात असे, अंघोळ करून मगच घरात. कपडे बाहेर दोरीवर. वास शेजारी जाई. दयाराम कुंपणावरून म्हणत, "गुप्तेसाहेब, शर्ट घरान घ्या. आमाला जेवन जात नाय." एकदा त्यांनी गॅस एजन्सीचा माणूस बोलावला. त्याने आमचे सिलिंडर तीनदा तपासले आणि शेवटी दोरीपाशी जाऊन नाक धरले. तेव्हापासून आळीत आमचे नाव 'मरकॅप्टनवाले' पडले. दयारामांनी बोळही बंद केला.

पुढे एका रविवारी वास आला. आळीने नेहमीप्रमाणे मला शिव्या घातल्या आणि खिडक्या लावून घेतल्या. मी पेपर वाचत होतो. मला कसलाच वास येत नव्हता, इतक्या वर्षांत माझे नाक त्या वासाला मेले होते. पत्नी सौ. कुमुद दोरीकडे पाहून म्हणाली, "आज तुम्हाला सुट्टी आहे. कपडे काल धुतले. हे तुम्ही नाही." आणि ती तशीच दयारामांच्या स्वयंपाकघरात गेली. त्यांच्या आई गंगाबाई काडीपेटी हातात घेऊन उभ्या होत्या.

"आजी, काडी खाली ठेवा. गॅस गळतोय."

"गॅस नाय गो, तुज्याच नवऱ्याचा वास हाय तो."

कुमुदने त्यांच्या हातातून काडीपेटी काढून घेतली, सिलिंडर बंद केले आणि आजींना अंगणात आणून बसवले. बोळ दुसऱ्या दिवशी उघडला. त्याबद्दल माझे काही मागणे उरलेले नाही. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी श्री. दयाराम यांनाच नेमतो. ते म्हणाले, "वैनीचा काम हाय ना? मंग करतो."

४. राहते घर, जागेसह. वरदच्या मसुद्यात 'पत्नीस हयातीपर्यंत राहण्याचा हक्क, तत्पश्चात मुलास मालकी' असे होते. हेतू वाईट नव्हता. इथे बिल्डर फिरू लागले आहेत, आईला कोणी फसवू नये ही त्याची काळजी. मी मसुदा कुमुदला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "राहू द्यायला मी काय भाडेकरू आहे?"

वरद म्हणाला, "आई, तुला काढणार कोण? नुसतं कागदावर आहे ते."

"मग कागदावर माझं नाव घाल."

"आणि उद्या तू विकलंस तर?"

"विकीन. नाहीतर नाही विकणार. तुला पत्र टाकून कळवीन."

वरद रात्रीच्या गाडीने परत गेला. आठवड्याने त्याचा फोन आला. आईशीच बोलला, बराच वेळ. मला इतकेच म्हणाला, "आईच्या मनासारखं करा."

म्हणून लिहितो: सदर घर, जागा आणि बँकेतील सर्व शिल्लक माझ्या पश्चात कुमुदच्या संपूर्ण मालकीची होईल. तिने ते ठेवावे, विकावे, बक्षीस द्यावे किंवा पाडून नवे बांधावे. त्यासाठी तिला कोणाचीही, वरदचीही, संमती लागणार नाही. ती माझ्याआधी गेल्यास सर्व वरदचे.

५. काल हे कच्चे लिहून तिला वाचून दाखवले. तिने चष्मा लावून कलम चार स्वतः पुन्हा वाचले आणि विचारले, "म्हणजे माझ्यानंतर हे कोणाला द्यायचं, ते मी लिहायचं?" मी हो म्हणालो. "मग मला वेळ लागेल," ती म्हणाली, आणि माझ्याकडून दोन कोरे कागद मागून घेतले. त्यावर ती काय लिहिते आहे, हे मी विचारलेले नाही आणि कोणी विचारू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे. साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे; त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या.

(सही) कृष्णकांत विष्णू गुप्ते

साक्षीदार:
१. तुळशीराम जोमा म्हात्रे, रोडपाली (सही)
२. निनाद यशवंत कर्णिक, पनवेल (सही)

पनवेल, दि. ९ जानेवारी १९९४