बदकाचे मार्क

३ मार्च, सोमवार

डोळे गेले कामातून! दिवसभर तपकिरी, तपकिरी आणि तपकिरी. आतड्याच्या कॅन्सरच्या जुन्या पेशंटांच्या काचा, म्हणजे काचेवर चिकटवलेले गाठीचे पातळ तुकडे – आणि त्यात गाठ बघायचीच नाही! बघायचं ते गाठीभोवतीचं जाळं, स्ट्रोमा. चोराला सोडून शेजाऱ्यांची चौकशी! या जाळ्यात एक प्रथिन असतं. ते जितकं जास्त, तितकी काच गडद तपकिरी. शून्य ते तीन मार्क द्यायचे. आमचा संशय असा, की तीनवाले पेशंट फार काळ काढत नसावेत. काचेवर नाव नाही, नुसता नंबर. मी वेगळे मार्क देते, सर वेगळे देतात. जुळले नाहीत तर एकाच मायक्रोस्कोपला समोरासमोर डोळे लावून भांडायचं.

मला मार्क द्यायला मिळताहेत! माझ्या गणिताच्या बाईंना कळलं तर चक्कर येईल.

५ मार्च

सरांचा हात तीनला फार सैल. अकरा नंबरला तर चहा गार व्हायच्या आत दोघांचेही तीन. सर म्हणाले, "हे शेजारी घर बुडवणार." मी खो खो हसले.

७ मार्च

भांडण! नंबर अडतीस. तुकडा हुबेहूब बदक – चोच, शेपटी, सगळं. माझे तीन. सरांचा – एक!

"नीट बघ." बघितलं. "अजून नीट बघ." सर, डोळे मिटले तरी तपकिरी दिसेल! "एक म्हणजे एक." आणि उठून गेले. एरवी उठसूट तीन वाटणारा हा माणूस, त्याला एका बदकाचा एवढा पुळका? काही कळेना.

११ मार्च

सर चष्मा घरी विसरले. तो द्यायला काकू आल्या – सरांची बायको. तीन वर्षांपूर्वी त्यांचंही आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, इथेच. आल्या आल्या सुरू – "अहो, चष्म्याशिवाय मार्क देताय? बिचारे पेशंट!" मला म्हणाल्या, "आणि तू गं, किती वाळलीस! जेवतेस की नुसती काचेत डोळे घालून बसतेस?" मी फुटलेच हसून. सर हसले नाहीत.

काकू गेल्यावर सरांनी दार लावलं. म्हणाले, "ते बदक हिचं आहे."

ऑपरेशननंतर त्यांनी एकदाच पाहिली होती म्हणे काकूंची काच. "डोळ्यांत पाणी होतं, तरी आकार लक्षात राहिला. तो कसा विसरेन?" मग हळूच – "लबाडी नाही करत गं. मला खरंच एक दिसतोय." सर वयाने, मानाने एवढे मोठे, नाहीतर पाठीवर हात ठेवला असता.

शेवटी स्वतःच म्हणाले, "ओळखल्यावर मी मार्क देणं बरोबर नाही. अडतीस दुसऱ्या कुणाला दाखव."

१२ मार्च

वरच्या मजल्यावरच्या मॅडमनी बदक पाहिलं. तीन.

सरांना सांगितलं. "बरं," एवढंच. काकूंचा स्कॅन पुढच्या महिन्यात आहे. हा तीनचा आकडाच मला आता डोळ्यांसमोर नको झालाय!

१४ मार्च

सर आज कुणालाच रागावले नाहीत. सगळे घाबरलेत.

२१ मार्च

मार्क संपले. रेकॉर्डवाल्या बाईंनी आज नंबरांमागची नावं उघडली. सरांनी आधी विचारलं, "अडतीस?"

"साठीचे गृहस्थ. दुसऱ्या वर्षी गेले."

बदक काकूंचं नव्हतंच! मी आनंदाने उडी मारणार, तेवढ्यात सर म्हणाले, "मग आमची ही?"

"अकरा."

चहा गार व्हायच्या आत दिलेले तीन! सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली. मग त्यांनी फोन लावला. "काय करतेस?" पलीकडून काकूंचा आवाज सगळ्या खोलीभर – "अहो, भाजीवालीशी भांडतेय मी, मध्येच काय तुमचं! ठेवा फोन!"

फोन कट झाला. सर तो कानाला लावून बसूनच राहिले.